सिस्टर, तुम्हाला मत कोणी दिलं?

सिस्टर,

आपल्या चर्चच्या मंडळीने मला तुमच्यावर चार ओळी लिहायला सांगितल्या आहेत. येत्या रविवारी उपासना संपली की वाचायच्या. पाळकसाहेबांनी बजावलंय, गुरुजी, गोड लिहा, थोडक्यात लिहा, आणि निवडणुकीचा विषय काढू नका. मी मान हलवली. घरी येऊन कागद घेतला आणि तीन वेळा लिहून तीन वेळा फाडला. प्रेमळ, कष्टाळू, प्रभूची दासी वगैरे मला लिहिता येतं, चाळीस वर्षं शाळेत निबंधच तपासलेत. पण मला तुमचा राग आलाय, आणि राग आलेल्या माणसाने गोड लिहिलं की ते खोटं उतरतं. म्हणून जसं येईल तसं लिहितोय.

तुम्हाला जाऊन नऊ दिवस झाले. पेठला कुणा बाळंतिणीला बघून परत येताना एसटीत, खिडकीशी बसल्या बसल्या तुम्ही गेलात. जुन्नरच्या स्टँडवर सगळी गाडी उतरली तरी तुम्ही उठला नाहीत, तेव्हा कंडक्टरला कळलं. लोक म्हणतात, काय सुरेख मरण आलं. मला त्यात काही सुरेख दिसत नाही. त्या दिवसापर्यंत पावणेदोन महिने मी तुमच्याशी बोललो नव्हतो. हा अबोला कधी सोडायचा ते मी ठरवणार होतो. तुम्ही मध्येच उठून जायचं काही कारण नव्हतं.

माझा राग तसा सगळ्यांवर आहे. त्या डॉक्टरवर आहे, तो जुनाच. गावावर आहे. आपल्या मंडळीवर तर इतका आहे की मी मुख्य पंच असून गेल्या रविवारी शेवटच्या बाकावर बसलो आणि प्रार्थनेआधी उठून आलो. पण सगळ्यात जास्त तुमच्यावर आहे, कारण बाकीच्यांशी मला अजून भांडता येतं.

एका गोष्टीवर आपलं दोघांचं कधी दुमत नव्हतं. पोटातलं लेकरू हे लेकरूच. बाहेर आलं की माणूस आणि आत असतं तोवर नुसता गोळा, हे मला कुणी पटवू शकलं नाही. तुम्ही तर नर्स. आयुष्यभर हातांनी बाळंतपणं केलीत, तुम्हाला कोण काय पटवणार? देवाने दिलेला जीव, मुलगा असो की मुलगी, माणसाने परत पाठवायचा नाही. इथपर्यंत आपण दोघं एका बाकावर. दुमत व्हायचं ते याच्या पुढे. मी म्हणायचो, खून तो खून, करणारा आणि करवून घेणारी दोघंही सारखी. तुम्ही म्हणायचात, करवून घेणारीला आधी एकदा विचारून तरी बघा, की तिला कुणी विचारलं होतं का.

नव्वद सालानंतरची गोष्ट असेल. आंबेगावच्या पश्चिमेला डोंगरात एक बाई पाचव्या खेपेला पोट पाडायला निघालीय असं तुमच्या कानावर आलं. तुम्ही मला बरोबर घेतलंत, कारण तुम्हाला वाटलं मास्तराचं लोक ऐकतील. एसटी संपली तिथून दीड तास आपण चाललो. मी ओट्यावर बसून तिच्या नवऱ्याला देवाचं भय घातलं. चांगलं तासभर घातलं. तो बिचारा मान डोलवत राहिला. तुम्ही तेवढ्यात आत जाऊन भात टाकलात, चारही पोरांची डोकी विंचरलीत आणि तिला विचारलंत, बाई, तुझी अडचण काय ते सांग. ती म्हणाली, लावणीच्या दिवसांत पोट एवढं असणार, चिखलात कोण उभं राहील? तुम्ही म्हणालात, मी राहते. मला वाटलं बोलायची रीत. त्या पावसाळ्यात तुम्ही रजा काढून खरंच तिच्या खाचरात आठवडाभर भात लावलात. मी शाळेची सबब सांगितली. ती पाचवी पोर आज जुन्नरला शिकतेय. तुमच्या मातीला आली होती, आणि तिला बघून मला तुमचे इतके उपकार वाटले की रडू आवरेना. हे आधीच लिहून ठेवतो. पुढे लिहायला मन होईल याची खात्री नाही.

मग तो डॉक्टर आला. पोटाचं चित्र दाखवणारं मशीन घेऊन आला. भिंतीवर पाटी होती, मुलगा की मुलगी इथे सांगितलं जात नाही. तोंडाने सांगायचा नाही हे खरंच. मुलगा असला की हसून म्हणायचा, ओझरच्या गणपतीला जाऊन पेढे ठेवून या. मुलगी असली की वहीत बघून पुढची तारीख द्यायचा. एवढ्यावर सगळ्यांना सगळं समजायचं. सुशिक्षित समजायचे, अंगठेबहाद्दर समजायचे, फक्त कायद्याला समजायचं नाही. आणि माणूस म्हणावा तर गोड. साप चावलेल्याला उचलून गाडीत घालणारा, म्हाताऱ्यांची नाडी फुकट बघणारा. त्यामुळे त्याच्याविरुद्ध ब्र काढला की लोक माझ्याचकडे चमत्कारिक नजरेने बघायचे.

नगरपरिषदेला आपला प्रभाग बायकांसाठी राखीव निघाला आणि डॉक्टरने बायकोला उभं केलं. बिनविरोध येणार असं सगळा बाजार बोलत होता. तेव्हा तुम्हाला उभं करायचं माझ्याच डोक्यातून निघालं. तुम्ही निवृत्त, एकट्या, अर्ध्या प्रभागाची पोरं तुमच्या हातावर आलेली. यापेक्षा चांगला उमेदवार कुठून आणायचा? तुम्ही नको म्हणालात. म्हणालात, “गुरुजी, हे बटण दाबून सुटणारं काम न्हाई.” मी म्हणालो, सत्याची साक्ष द्यायची वेळ आली की माघार घेणं पाप आहे. पापाचं नाव काढलं की तुम्ही गप्प बसता हे मला माहीत होतं. ते मी वापरलं.

चिन्ह मिळालं कपबशी. आणि मी तुमच्यासाठी जे पहिलं काम केलं तेच वाकडं केलं.

आपल्या मंडळीत सगळं हात वर करून ठरतं. चर्चला रंग कुठला द्यायचा, नाताळच्या गाण्यांची फेरी कुठल्या आळीतून सुरू करायची, सगळं. निवडणुकीतही मंडळीची मतं एकगठ्ठा जायची आणि ती कुणाला हे असंच ठरायचं. अर्ज भरल्याच्या पुढच्या रविवारी मी वेदीपुढे उभा राहिलो आणि म्हणालो, मार्था सिस्टरला मत देणाऱ्यांनी हात वर करा. तुम्ही पुढे येऊन हळूच म्हणालात, “सगळ्यांना डोळे मिटायला सांगा, गुरुजी. प्रार्थनेला बोलावताना आपण सांगतो तसं. मग करू द्या हात वर.” मी ऐकलं नाही. उलट चिडलो. म्हणालो, ज्याला सत्याची लाज वाटते त्याची मतं आपल्याला कशाला हवीत? उघड्या डोळ्यांनी होऊ द्या.

झालं उघड्या डोळ्यांनी. शेजारच्याने केला म्हणून शेजारच्याने केला, सासूने केला म्हणून सुनेने केला. बाकंच्या बाकं हात वर. मी एकेक हात मोजला आणि माझी छाती फुगली. एकच हात खाली होता, तो नेमका माझ्या सुनेचा. रिबका मांडीवरच्या पोरीचा फ्रॉक नीट करत खाली मान घालून बसली होती. विजय, माझा मुलगा, तिच्या शेजारी हात वर करून. घरी आल्यावर मी तिला पोरींसमोर नाही नाही ते बोललो. मुख्य पंचाच्या घरातच ही तऱ्हा, तर लोकांनी काय धडा घ्यायचा? ती पोरींना घेऊन आत गेली. तुम्हाला हे कळलं तेव्हा तुम्ही आलात आणि मला फक्त एवढंच म्हणालात, तिला बोलू नका. कारण विचारलं तर तुम्ही चहा मागितलात.

प्रचारात आपण दारोदार फिरलो. मी बोलायचो, तुम्ही घरातल्या म्हातारीचे पाय बघायचात. भाषण झालं की बायका तुम्हाला आत बोलवायच्या आणि दार लोटून घ्यायच्या. आत काय बोलणं व्हायचं ते तुम्ही कधी सांगितलं नाही. बाजाराच्या कोपऱ्यावरचा एक भाजीवाला मला म्हणाला, “गुरुजी, तुमचं समदं खरं हाय. पन तिसऱ्या पोरीच्या लग्नाला जमीन इकायला लागंल, तवा तुमी येनार का?” मी त्याला देवावर भरवसा ठेवायला सांगितलं. तुम्ही त्याला मुली कितवीत आहेत ते विचारलंत. त्याने मत दिलं की नाही देव जाणे, पण जाताना त्याने नमस्कार तुम्हाला केला.

शेवटच्या सभेआधी आपलं कडाक्याचं वाजलं. मी म्हणालो, सिस्टर, आता नावं घ्या. डॉक्टरने कुणाकुणाची पोटं पाडली, कुणाकुणाला तुम्ही मागच्या दाराने जाऊन सावरलं, सगळं तुमच्या डोक्यात आहे. चार घरं नावानिशी सांगा, डॉक्टरचं तोंड बंद होईल. तुम्ही म्हणालात, “डॉक्टरला काय व्हायचं न्हाई. ज्यांची नावं घेईन त्या बाया मरतील.” मी म्हणालो, मग लेकरं मेली ती? त्यांच्या बाजूने कोण बोलायचं? तुम्ही माझ्याकडे बघितलंत. वाटलं आता काहीतरी बोलणार. पण तुम्ही पिशवी उचललीत आणि निघून गेलात. सभेत उभ्या राहून तुम्ही फक्त एवढंच बोललात की पोटुशी बाई घरात असली की तिला नीट जेवायला घाला आणि मुलगाच पाहिजे असं तिच्यासमोर बोलू नका. बसलात. टाळ्या चारदोन. मी शरमेने मेलो. समोर शत्रू उभा आणि आपला उमेदवार जेवणाचं सांगतोय.

मतमोजणीच्या दिवशी तहसील कचेरीबाहेर उभं राहून मी निकाल ऐकला. हरणार हे मला शेवटी शेवटी वाटायला लागलं होतं, त्याचं दुःख नव्हतं. पण तुम्हाला पडलेली मतं मंडळीत वर झालेल्या हातांपेक्षाही कमी होती. निम्म्याहून कमी. हिंदू घरांतून चार तरी पडलीच असतील, ती वजा केली तर काय उरलं? वेदीपुढे हात वर करून, आमेन म्हणून, ही माणसं शाळेच्या खोलीत जाऊन पडद्याआड डॉक्टरच्या बायकोचं बटण दाबून आली. एकाला म्हणे कबरस्तानाला कुंपण मिळणार होतं. एकाच्या पोराला दवाखान्यात चिकटवणार होते. एकाने तर मला तोंडावर सांगितलं, गुरुजी, आमचीही दोन कामं तिथंच झालीत, कुठल्या तोंडाने विरोधात जाऊ? कामं. लेकरांना तो कामं म्हणाला. आणि आमच्या घरातून तुम्हाला एकच मत पडलं, माझं. विजयने खाली बघून कबूल केलं की त्याने दुसरीकडे दिलं. रिबकाला तर मी विचारलंच नाही. तिचा हात मी बघितला होता.

त्या संध्याकाळी मी तुमच्याकडे येणार होतो. दोघांनी बसून देवापुढे गाऱ्हाणं घालायचं असं मनात होतं. वाटेत कळलं की तुम्ही डॉक्टरच्या घरी गेलात. त्याच्या बायकोला शेवंतीची वेणी घेऊन. तिच्या अंगणात गुलाल उधळत होते आणि त्या गुलालात उभं राहून तुम्ही तिला म्हणालात म्हणे, आता बायकांकडे लक्ष द्या. मला कुणी कानाखाली ओढल्यासारखं झालं. मी मागे फिरलो. दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा मी आतल्या खोलीत पेपर वाचत बसलो. तुम्ही पोरींशी खेळलात, रिबकाशी बोललात, माझ्या दाराशी येऊन “गुरुजी, येते” म्हणालात. मी पान उलटलं. असं तुम्ही पाच वेळा आलात आणि पाचही वेळा मी तेच केलं. वर मला वाटत होतं की मी सत्याच्या बाजूने उभा आहे.

आणि मग तुमच्या मातीचा दिवस. कबरस्तानाला अजून कुंपण नाही, हे तुम्हाला सांगून ठेवतो. पेटी खाली सोडली, प्रत्येकाने मूठ मूठ माती टाकली, पाळकसाहेबांची प्रार्थना संपत आली, तेवढ्यात डॉक्टर आला. हातात भलंमोठं पुष्पचक्र, चेहरा पाडलेला. मंडळीने त्याला वाट करून दिली. मी पुढे झालो. मी ते चक्र हिसकावून रस्त्यावर फेकणार होतो, सिस्टर, आणि तुमच्या कबरीवर उभा राहून सगळ्यांची नावं घेणार होतो. पण माझ्या मागे कुणीतरी मटकन खाली बसलं. रिबका होती. पांढरीफटक पडलेली, घाम सुटलेला, आणि डॉक्टरकडे बघत दोन्ही हात पोटावर धरलेले. तिला उचलायच्या गडबडीत डॉक्टर चक्र ठेवून निघूनही गेला.

घरी आल्यावर मी तिला पाणी दिलं आणि म्हणालो, काय झालं? तिने सांगितलं. मंचरच्या बाजूच्या शेतकरी घरात, मळ्यातल्या प्रार्थनेत वाढलेली पोर ती, बोलताना कधी आवाज चढत नाही, तेव्हाही चढला नाही. “आबा, मला टायफॉइड नव्हता झाला,” ती म्हणाली. “तुमी पुन्याला सभेला गेल्ता तवा ह्यांनी मला डॉक्टरकडं नेलं. तारीख दिली. मी नको म्हनत व्हते. चवथा महिना व्हता. घरी आल्यावर रगत थांबंना, तवा हे पळत सिस्टरकडं गेले.”

टायफॉइड. दोन वर्षांपूर्वीचा. मी पुण्याहून आलो तेव्हा ती अंथरुणाला खिळलेली आणि तुम्ही उशाशी. तुम्ही मला दारातच सांगितलंत, ताप आहे, आत गर्दी नको. पंधरा दिवस तुम्ही आमच्याच घरी राहिलात. तुम्ही तिचे कपडे धूत होता आणि मी बाहेरच्या खोलीत गर्भातल्या जिवांवरचं माझं पुण्यातलं भाषण शेजाऱ्यांना पुन्हा सांगत होतो. पातळ भिंत. तिला सगळं ऐकू जात असेल. त्या रविवारी मी तिचा टायफॉइड बरा व्हावा म्हणून मंडळीकडून प्रार्थनाही करून घेतली.

विजयला मी समोर उभं केलं. चाळिशीला टेकलेल्या पोरावर हात उगारला. त्याने तो धरला नाही, चुकवलाही नाही. एवढंच म्हणाला, “आबा, नातू तुमीच मागत व्हता. देवळात उभं ऱ्हाऊन मागत व्हता.”

मागत होतो. दुसऱ्या नातीच्या बाप्तिस्म्याला मी आभाराची प्रार्थना केली आणि शेवटी सगळ्यांच्या देखत म्हणालो, प्रभू, आता या घराला एक दिवा दे, नाव चालवणारा नातू दे. सगळं चर्च आमेन म्हणालं. बाहेर पडताना चपला घालता घालता तुम्ही म्हणालात, “तुमच्या आजच्या प्रार्थनेला मी आमेन म्हटलं न्हाई, गुरुजी.” मी हसण्यावारी नेलं. तुम्हाला नातवंडं नाहीत, तुम्हाला काय कळणार, असंही म्हणालो. तुम्ही तेही ऐकून घेतलंत.

तर हा माझा राग आहे. तुम्हाला माहीत होतं. दारोदार फिरताना, मी गळा काढून बोलताना, नावं घ्या नावं घ्या म्हणून तुमच्या अंगावर जाताना, तुम्हाला माहीत होतं की पहिलं नाव माझ्या घराचं आहे. तेव्हा एका शब्दात तुम्ही मला गप्प करू शकत होता. पण नाही केलंत. मला अख्ख्या गावासमोर शहाणा होऊन फिरू दिलंत. वर्षानुवर्षं एका ताटात जेवलो, आणि माझंच मला सांगावं असं तुम्हाला वाटलं नाही?

रिबकाला विचारलं. ती म्हणाली, सिस्टर सांगणारच होत्या, मीच पाया पडले. आणि त्यांनाही भीती होती की आबा ऐकतील आणि मला घराबाहेर काढतील, मग दोन पोरींचं काय. हे ऐकून मी ओरडलो, मी असा आहे का? तेव्हापासून मी तोच विचार करतोय. आणि देवाला समोर ठेवून लिहितो, मी असाच आहे. मी तिला बाहेर काढलं असतं. विजयला चार शिव्या देऊन घरात ठेवलं असतं आणि तिला माहेरी पाठवलं असतं, आणि ते करताना मला वाटलं असतं की मी त्या लेकराच्या बाजूने उभा आहे. ती माझी तिसरी नात होती. तिच्या बाजूने मी एकदाही उभा राहिलो नाही. उभ्या राहिलात तुम्ही, तेही तिच्या आईच्या उशाशी.

मी माझं मत बदललेलं नाही, हे मंडळीने नीट ऐकून घ्यावं. पोटातलं लेकरू लेकरूच. तो डॉक्टर आजही मला गुन्हेगार वाटतो आणि त्याच्या बायकोला निवडून देणाऱ्यांची मला आजही शिसारी येते. उद्या निवडणूक झाली तरी मी कपबशीच शोधीन. फक्त आता वेदीपुढे उभा राहून कुणाचे हात मोजायला मी जाणार नाही. मुख्य पंचाचं काम दुसऱ्या कुणाला द्यावं, तसं पाळकसाहेबांना वेगळं लिहून दिलंय.

इथपर्यंत लिहून झालं आणि आज सकाळी मी हे सगळं रिबकाला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. कुणाला दाखवण्याआधी तिला दाखवायला हवं, एवढी अक्कल मला तुमच्या मरणाने आली. मी वाचत गेलो. ती निवडत राहिली. संपल्यावर मी म्हणालो, हे फाडून टाकतो आणि पाळकसाहेबांना हवं तसं गोड लिहितो. तुझं नाव कशाला गावापुढे.

तिने हात पुसले. म्हणाली, “फाडू नका. रविवारी वाचा. मी पुढं बसंन. सिस्टरनी नाव घेतलं न्हाई ते बरं केलं. पन माझं मी घेतलं तर कुनाचं काय जातंय?”

मी म्हणालो, बघ, लोक बोलतील. ती म्हणाली, बोलू द्या. मग म्हणाली, “एक तेवढं चुकलंय तुमचं. घरातनं एकच मत पडलं असं लिवलंय. दोन पडली, आबा. देवळात हात वर करायला मला तोंड नव्हतं. पन खोलीत बटन दाबाया गेले तवा तिथं कोन बघत व्हतं?”

ते वाक्य वर मी खोडलेलं नाही. रविवारी वाचणार आहे, जसं लिहिलं तसंच, आणि मग हेही वाचणार आहे.

मी तिला विचारलं, सिस्टरना हे माहीत होतं? ती म्हणाली, निकालाच्या दिवशीच सांगितलं, त्या वेणी घेऊन चालल्या होत्या तेव्हा, रस्त्यात. मी विचारलं, मग काय म्हणाल्या?

“मग झालं की, म्हनल्या. आन् हसल्या.”

पावणेदोन महिने मी तुम्हाला हरलेली बाई समजत होतो. हे तरी तुम्ही मला सांगायचं होतंत, सिस्टर.